पेटी, तारीखपट्टी आणि वाचक : ग्रंथसंग्रह कुणासाठी, या प्रश्नाची पार्श्वभूमी

एका तालुक्याच्या वाचनालयात मी काही वर्षं देवघेव सांभाळली. मार्च जवळ आला की अनुदानातली पुस्तकं एकदम गठ्ठ्याने येत. शिक्के मारायचे, दाखल नोंदवहीत क्रमांक द्यायचा, शेवटच्या पानाला तारीखपट्टी, म्हणजे पुस्तक नेल्या-आणल्याच्या तारखा टाकायची चिठ्ठी, चिकटवायची. पाच-सहा वर्षांनी तीच पुस्तकं धूळ झटकायला काढली की कितीतरी पट्ट्या कोऱ्या निघत. शेजारच्या कपाटात मात्र पाककृतींचं एक पुस्तक होतं, शिवण सुटलेलं, खळ लावून पट्टीवर तिसरी पट्टी डकवलेलं. संग्रह नेमका कुणासाठी उभा करायचा, हा प्रश्न मला तिथे भेटला. महाराष्ट्रात तो जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

1828 साली रत्नागिरीत नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. त्यानंतर 1840 मध्ये नाशिकला, 1848 मध्ये पुण्याला आणि 1850 मध्ये कोल्हापूरला वाचनालयं उभी राहिली. साहेब अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकलेली मंडळी, हा तेव्हाचा वाचक. वर्गणी भरू शकणाऱ्यांचा हा वर्ग होता आणि पुस्तकंही त्यांच्याच आवडीची येत. शतकाच्या शेवटी वारं फिरलं. ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालयं स्थापन झाली, ती मराठीत छापलेलं जपून ठेवावं या ध्यासापोटी. हे काम मोलाचंच आहे. त्यांच्यामुळे आज जुनं मराठी पुस्तक हाताला लागतं. पण जपणुकीसाठी केलेला संग्रह आणि वाचकासाठी केलेला संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचकासाठीच्या संग्रहाकडे आपण जरा उशिराच वळलो.

ते वळण बडोद्यात आलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. शाळेतून बाहेर पडलेलं मूल चार वर्षांत अक्षर विसरतं, मग त्या शिक्षणाचं काय, ही त्यांची चिंता होती. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी स्वतः पाहिली आणि 1910 साली तिथल्या विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. बॉर्डन 1913 पर्यंत राहिले. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा पुस्तकसाठा मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला.

बडोद्याचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे, की तिथे ‘वाचक’ हा एकच एक माणूस धरला नाही. दरबार आणि अधिकारी मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, शिकलेल्यांना इंग्रजी हवं, पंडितांना संस्कृत. त्या-त्या भाषेचा साठा उभा राहिला. संस्कृत विभाग तर इतका वाढला की 1927 साली त्यातून प्राच्यविद्या मंदिर ही वेगळी संस्था झाली. बायकांसाठी स्वतंत्र वाचनालय होतं आणि तिथे स्त्रीच ग्रंथपाल. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळ होते.

आणि होती पेटी. राज्याचे प्रांत सलग नव्हते. अमरेली काठियावाडात, नवसारी दक्षिणेला, मधे दुसऱ्यांचे मुलूख. प्रत्येक गावी इमारत बांधणं शक्य नव्हतं. म्हणून 1911 पासून लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं सुरू झाली. पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं, वाहतुकीचा खर्च सरकारचा. आता कल्पना करा, पंधराच पुस्तकं न्यायची आहेत. मग निवडणाऱ्याला विचार करावाच लागतो : त्या गावात वाचणार कोण, शाळामास्तर की कुणबी, की नुकतं अक्षर जुळवायला लागलेला पोरगा? मोठ्या कपाटात चुकीची निवड लपून राहते, पेटीत ती उघडी पडते. गावाने स्थिर वाचनालय काढायचं म्हटलं, तर गावाने जमवले तेवढेच पैसे प्रांत पंचायतीने आणि तेवढेच सरकारने घालायचे, असा नियम होता. पदराचे पैसे घातल्यावर गाव पुस्तकांबद्दल बोलायला लागतं.

आणखी एक अडचण होती : नवशिक्या वाचकाला देण्यासारखी सोपी पुस्तकं मराठी-गुजरातीत होतीच किती? 1912 साली महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून दोन्ही भाषांत पुस्तकं लिहवून घेण्याची सोय केली. मोठ्यांसाठी सयाजी साहित्यमाला, मुलांसाठी बालज्ञानमाला. वाचकाला हवं ते बाजारात नसेल तर ते तयार करवून घ्यायचं, इथपर्यंत संग्रहाची जबाबदारी जाते हे बडोद्याने दाखवलं.

पुढे 1931 साली मद्रासच्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही त्यातली दोन सूत्रं ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मुंबई सरकारने 1939 साली फैजी समिती नेमली. राज्य ते खेडं अशी ग्रंथालयांची साखळी तिने सुचवली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. 1 मे 1968 पासून तो अंमलात आला.

या कायद्याने गावोगावी वाचनालयं टिकली, हे मनापासून मान्य करायला हवं. अ, ब, क, ड असे वर्ग, त्याप्रमाणे अनुदान. त्यामुळे हजारो ग्रंथालयांना दिवाबत्तीचा तरी आधार मिळाला. पण वर्ग ठरतो ग्रंथांची संख्या, सभासद, दैनिकं-नियतकालिकं अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. पुस्तक कुणी वाचलं, हे त्या मोजणीत मागे पडतं. परिणाम कपाटात दिसतो. संख्या घटेल या भीतीने निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदवहीतून कमी करणं, लांबणीवर पडतं आणि वाळवी लागलेली, कालबाह्य झालेली पुस्तकंही नोंदवहीत जिवंत राहतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलीला चालू वर्षाचं पुस्तक हवं असतं, आणि फळीवर दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या दाटीने उभ्या असतात. निर्लेखन हा संग्रहाच्या देखभालीचाच भाग आहे, विहिरीतला गाळ काढण्यासारखा.

काही वाचक तर अलीकडेपर्यंत हिशेबातच नव्हते. छापील पान वाचू न शकणाऱ्यांसाठी ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रत करायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही, ही तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली आली. त्याच विषयावरचा माराकेश करार 2014 साली सर्वांत आधी भारताने मंजूर केला. तरीही तालुक्याच्या वाचनालयात अंध वाचकासाठी एक फळीसुद्धा नसते, हे मला फार बोचतं.

पेटी मात्र पुन्हा आली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. वाचकांच्या गटांना पुस्तकांच्या पेट्या द्यायच्या आणि ठरावीक काळाने त्या आपसांत बदलायच्या, अशी ही रीत. त्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या आहेत.

आमच्या वाचनालयात त्या पाककृतींच्या पुस्तकाची दुसरी प्रत घ्यावी म्हणून मी दोनदा विषय मांडला. त्याच पैशात नवं नाव येईल, संख्या वाढेल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी मागणी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. त्या पुस्तकासमोर चौदा बायकांची नावं होती, आणि त्यातल्या तिघींनी सहीऐवजी अंगठा दिला होता. त्यांना ते सुना-लेकी वाचून दाखवत. प्रत मंजूर झाली.