नान्नजचा माळ ‘पडीक’ कधीच नव्हता

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज येते. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, मोठी झाडे तुरळक. अशा माळाला सरकारी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या ‘पडीक’ म्हटले गेले. पुढच्या बहुतेक चुका या एका शब्दातून निघाल्या, असे मला मनापासून वाटते.

इथे सगळे गवताच्या जिवावर चालते. पावसाळ्यात पवन्या आणि कुसळी गुडघाभर वाढते, त्यात नाकतोडे, भुंगे, सरडे वाढतात आणि ते टिपत माळढोक हा मोठा, जमिनीवर वावरणारा पक्षी फिरतो. काळवीट त्याच गवतावर जगते, लांडगा काळविटावर. धनगरही या साखळीतलाच. त्याच्या कळपातले एखादे कोकरू लांडगा उचलतो, धनगर हळहळतो, पण माळ सोडत नाही. रात्री मेंढरे शेतात बसवली की लेंडीखताने शेतकऱ्याचा शाळू जोर धरतो. माळ आणि शिवार असे एकमेकांत गुंतलेले होते.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने माळढोकाला सर्वाधिक संरक्षण मिळाले आणि १९७९मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावे, शेते, रस्ते सगळेच त्यात आले. जमीन विकायची, विहीर खोदायची तरी अडचण. मग पक्ष्याबद्दलची आपुलकी आटली, आणि त्यात लोकांचा दोष मी मानत नाही. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केले गेले.

तोवर माळच बदलला होता. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी फिरेल तिथे उसाने पाय पसरले. काही ठिकाणी हिरवाई म्हणून गवताळ जमिनीवर गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. उघड्यावर वावरणाऱ्या, दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला ती झाडी भिंतीसारखी. विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्यांना धडकतो. त्यात मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक अंडे फुटले की तो हंगाम बहुतेकदा गेलाच.

लांडगा, काळवीट, खोकड आजही नान्नजच्या माळावर भेटतात. माळढोक मात्र दिसलाच तर सोलापुरात त्याची बातमी होते.