चूक सातव्या ओळीत, बोट आठव्या ओळीवर

कापसाचे क्विंटल आणि भाव यांचा गुणाकार करून चुकारा काढणारा सी भाषेतला छोटासा प्रोग्राम दारव्हा किंवा दिग्रसकडचा तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी लिहितो, सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचे विसरतो, आणि अनेक जुने कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधने) त्याला चूक आठव्या ओळीत असल्याचे सांगतात. आठवी ओळ तो पुन्हा पुन्हा वाचतो. ती तर बरोबरच असते.

कंपायलर येथे खोटे बोलत नाही. सी भाषेत ओळ संपण्याला काही अर्थ नसल्याने पार्सर, म्हणजे कंपायलरचा वाक्यरचना तपासणारा भाग, एकेक शब्द घेत पुढे सरकतो, आणि आठव्या ओळीतला पहिला शब्द समोर आल्यावरच वाक्य व्याकरणात बसत नसल्याचे त्याला कळते. स्वतः जिथे अडला ती जागा तो सांगतो. विद्यार्थ्याला मात्र दुरुस्ती कुठे करायची ते हवे असते. चांगला संदेश लिहिण्याची निम्मी कला हे अंतर मिटवण्यात आहे, असे मला वाटते. क्लँग हा कंपायलर अशा वेळी सातव्या ओळीतल्या शेवटच्या शब्दालगत खूण करून तिथे अर्धविराम हवा होता असे सांगतो. पायथन या भाषेत कंस मिटायचा राहिला, तर पूर्वी अनेकदा पुढच्या ओळीवर ‘अवैध वाक्यरचना’ एवढाच शेरा मिळे. 2021 मध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून उघडा राहिलेला कंसच दाखवला जातो.

एका चुकीपाठोपाठ संदेशांची रांग लागते, तिचेही कारण असेच साधे आहे. अडलेला पार्सर पुढच्या अर्धविरामापर्यंतचा मजकूर टाकून देऊन वाचन सुरू ठेवतो, आणि त्या मजकुरात एखाद्या चलाची (किंमत साठवणाऱ्या नावाची) घोषणा गेली असेल तर पुढे ते चल त्याला अनोळखी वाटते. (पहिलीच चूक सुधारून पुन्हा कंपाइल करा, हा प्रयोगशाळेतला सल्ला म्हणूनच योग्य.)

चलाच्या नावातले एखादे अक्षर गळाले, तर आजचे कंपायलर जवळचे नाव सुचवतात. एका नावाचे दुसरे होण्यासाठी किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतील, हे मोजण्याची रीत व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडली होती. लांब नावात एका अक्षराचा फरक असेल तर सुचवणे बिनधोक. तीन अक्षरी नावात दोनांचा फरक असेल तर गप्प राहिलेले बरे. ठामपणे दिलेली चुकीची सूचना मोघम संदेशापेक्षा वाईट, कारण ज्याच्या गावात विचारायला दुसरा प्रोग्रामर नाही, तो ती मुकाट्याने अमलात आणतो. रस्ट या भाषेच्या कंपायलरमध्ये म्हणूनच सूचना किती खात्रीची आहे याची नोंद तिच्यासोबत ठेवण्याची सोय आहे, आणि आपोआप दुरुस्ती करणारे साधन एरवी फक्त खात्रीच्या सूचनांनाच हात घालते.