चार मिलिमीटरचा खडा आणि कॉकपिट

"मुतखडा झाला होता ना? मग दूध-दही बंद कर, आणि मेडिकलच्या दिवशी सकाळी पाच लिटर पाणी पिऊन जा." पायलट व्हायला निघालेल्या नागपुरी पोराला हे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही चुकीचे.

एरवी चार मिलिमीटरचा खडा दिसला की डॉक्टर म्हणतात, लहान आहे, पडून जाईल. वैमानिकाच्या तपासणीत नेमका हाच खडा नडतो. मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर, आणि तीन जागी आणखी चिंचोळी. मोठा खडा मूत्रपिंडातच ठाण मांडून बसतो, नळीत घसरतो तो लहान. तो अडकला की मागे लघवी तुंबते, दाब वाढतो, नळीचे स्नायू पिळवटतात. कळ आणि उलट्या एकदम सुरू झाल्या तर विमान कोण उतरवणार? म्हणून परीक्षकाला दोनच गोष्टी हव्या असतात: आत खडा उरलेला नाही आणि नवा होण्याची शक्यता कमी आहे.

आता दुधाकडे वळू. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्यातलं कॅल्शियम नाव ऐकून लोक दूध सोडतात, पण खरी गोष्ट आतड्यात घडते. पालक, बदाम, चहा यांतलं ऑक्झलेट तिथे कॅल्शियमला भेटलं, तर दोघांचा न विरघळणारा क्षार होतो आणि शौचावाटे निघून जातो. कॅल्शियमच नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. म्हणजे जी जोडी आतड्यात जुळायची, ती मूत्रपिंडात जुळते. दही जेवणासोबतच खायचं ते यासाठी. रात्री झोपताना घेतलेली कॅल्शियमची गोळी हे काम करत नाही. मीठ मात्र कमी हवं. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा कॅल्शियमही त्याच्यासोबत जास्त जातं. सावजी रस्सा रोज नको, तो यामुळे.

खडा धरण्यासाठी लघवीत हे क्षार अतिसंपृक्त व्हावे लागतात. साखरेच्या घट्ट पाकात खडीसाखर धरते तसं. म्हणून मोजायची ती लघवी, प्यायलेलं पाणी नव्हे: दिवसाला किमान अडीच लिटर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना प्यायलेलं बरंचसं पाणी घामातच जातं. संत्र्यातलं सायट्रेट कॅल्शियमला विरघळलेल्या रूपात धरून ठेवतं, ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. (संत्रा बर्फी यात धरू नये.)

पोटाला तोंड लावून खडा ओढून थुंकून दाखवणाऱ्यांबद्दल एवढंच: कातडीतून मूत्रपिंडापर्यंत अशी वाटच नसते. तो थुंकलेला खडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

फाइलमध्ये काय हवं? डिस्चार्ज समरी, उपचारानंतरचा कॉन्ट्रास्टविना (शिरेत औषध न टोचता केलेला) सीटी स्कॅन (मूत्रवाहिनीतला बारीक खडा सोनोग्राफीत निसटू शकतो), खड्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि २४ तासांच्या लघवीची तपासणी. डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी) आत असताना तपासणीला जाऊ नये. तो घासतो आणि लघवीत रक्तपेशी दिसत राहतात. टॅमसुलोसिन (खडा पडावा म्हणून मूत्रवाहिनी सैल करणारं औषध) चालू असेल तर उभं राहताना रक्तदाब घसरू शकतो, तेव्हा तो कोर्सही आधी संपलेला बरा. वैमानिकाची आधी वर्ग २ ची (प्राथमिक) आणि नंतर वर्ग १ ची (व्यावसायिक परवान्यासाठीची) वैद्यकीय तपासणी होते. फॉर्मवर पूर्वीचा आजार दोन्ही वेळा सारखाच लिहावा, लपवू नये.

तपासणीआधीचे दोन दिवस लांब पल्ल्याची धाव आणि जड व्यायाम टाळावा, त्याने निरोग्याच्याही लघवीत रक्तपेशी येतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या बंद कराव्यात: त्यातलं काही शरीरात ऑक्झलेट बनतं, शिवाय लघवी तपासण्याच्या पट्टीवर रक्त असूनही दिसेनासं होतं. मुलींनी पाळीचे दिवस सोडून तारीख घ्यावी.

राहिले ते पाच लिटर. आधी लघवीचा मधल्या धारेचा (सुरुवातीची थोडी सोडून घेतलेला) नमुना द्यावा आणि मगच सोनोग्राफीसाठी पाणी प्यावं. मूत्राशय अति तुडुंब असलं की निरोगी मूत्रपिंडही किंचित फुगलेलं दिसतं आणि अहवालात 'सौम्य सूज' असं लिहिलं जाऊ शकतं. तसं झालं तर लघवी करून यावं आणि लगेच पुन्हा बघायला सांगावं.