घरावरची प्रदेशाची छाप

एखाद्या भागातली हवा, तिथे मिळणारी माती, दगड, लाकूड, लोकांचा कामधंदा आणि राहण्याच्या सवयी या सगळ्यांचा तिथल्या घरांच्या बांधणीवर आणि सजावटीवर जो ठसा उमटतो त्याला घरावरची प्रदेशाची छाप म्हणता येईल. आर्किटेक्टशिवाय, गावातल्या गवंड्या-सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या उभ्या केलेल्या अशा घरांसाठी लोकवास्तू असाही शब्द आहे. इंटिरियरवाले याच गोष्टीचे तुकडे पाडून स्टाइल म्हणून देतात, म्हणजे एक भिंत मेडिटरेनियन, एक कोपरा जॅपनीज वगैरे. गंमत अशी की या स्टाइलींमधल्या बऱ्याचशा गोष्टी शोभेसाठी म्हणून आलेल्याच नव्हत्या, कुठे पाणी कमी होतं, कुठे लाकूड नव्हतं, कुठे जमीन हलत होती, त्यावर लोकांनी काहीतरी तोड काढली आणि दोन-तीनशे वर्षं तेच बघून बघून ते छान दिसायला लागलं.

बांधकामाचा माल

रेल्वे येईपर्यंत दगड-विटा लांबून आणणं राजे-रजवाड्यांना आणि देवळा-चर्चांनाच परवडायचं, बाकी सगळ्यांचं घर बैलगाडी जाईल तेवढ्या अंतरात जे सापडेल त्याचंच. कोकणापासून केरळपर्यंत जांभा मिळतो, तो खाणीत मऊ असतो तेव्हाच तासून त्याचे चिरे पाडायचे, बाहेर हवा लागली की तो कडक होतो, म्हणून तिकडे चिऱ्याची घरं. आइसलंडमध्ये बांधकामाचं झाड जवळपास नाहीच, तर तिथे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून भिंती आणि छत, आणि आतला सांगाडा बराचसा समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचा. उत्तर चीनमध्ये वाऱ्याने साठलेल्या पिवळ्या मातीचे एवढे जाड थर आहेत की लोकांनी घर बांधलंच नाही, कोरलं. त्या गुहाघरांत आजही लाखो लोक राहतात, आणि उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार असं म्हटल्यावर का नाही राहणार.

पण मालाची सगळ्यात भारी गोष्ट स्वीडनची आहे. तिथल्या खेड्यात गेलं की हिरव्या रानात लालभडक लाकडी घरं, पांढऱ्या चौकटी, असं एक ठरलेलं चित्र दिसतं आणि वाटतं की या लोकांना लाल रंगाची हौस दिसतेय. तो रंग येतो फालून गावच्या तांब्याच्या खाणीतून. तांबं काढून झाल्यावर जो टाकाऊ ढीग उरतो त्यात लोखंड भरपूर, ती माती धुवायची, भाजायची, भाजली की लाल होते, मग पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ, थोडं जवसाचं तेल घालून कढईत खळीसारखं शिजवायचं आणि थेट खडबडीत फळ्यांना फासायचं. हा रंग लाकडाचा श्वास कोंडत नाही, ऑइलपेंटसारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत, नुसती पावडर होऊन उडतो, ती झाडायची आणि वर नवा हात द्यायचा. आता यात हौस कुठे आली, तर सोळाव्या शतकात राजदरबाराने छपरं लाल रंगवून घेतली कारण ती तांब्याच्या पत्र्याची वाटावीत, मग पैसेवाल्यांनी लाकडी घरं लाल केली कारण ती विटांची वाटावीत. म्हणजे मुळात हा रंग बढाई मारायचा होता. एकोणिसाव्या शतकात तो शेतकऱ्यांच्या घरापर्यंत आणि गोठ्यापर्यंत पोचला तेव्हा शहरातल्या श्रीमंतांनी गुपचूप पांढऱ्या-पिवळ्या ऑइलपेंटकडे मोर्चा वळवला. खाण 1992 साली बंद झाली पण रंग अजून त्याच जुन्या ढिगातून निघतो.

हवा आणि पाणी

इराणच्या वाळवंटातलं याझ्द शहर 2017 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याचा फोटो काढला की क्षितिजावर घरांपेक्षा बादगीरच जास्त दिसतात. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे पकडणारा, जहांगीरमधला तोच गीर. घराच्या छतावर चिमणीसारखा मनोरा, वर उभ्या फटी, आतून उभ्या पातळ भिंतींनी पाडलेले कप्पे. वाऱ्याकडच्या फटीतून हवा खाली खोलीत ढकलली जाते, पलीकडच्या कप्प्यातून आतली गरम हवा ओढली जाऊन बाहेर पडते, आणि खाली हौद असेल तर ती हवा पाण्यावरून गार होऊन फिरते. वारा नसेल तेव्हाही गरम हवा वर चढून निघून जातेच. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर जवळजवळ 33 मीटर उंच आहे. याझ्दमध्ये वारा दिशा बदलत राहतो म्हणून बादगीर सगळ्या बाजूंनी उघडे, तर जवळच्याच मेबोदमध्ये कामाचा वारा एकाच बाजूने येतो म्हणून ते एकाच बाजूला तोंड करून उभे. अख्खं गाव एकाच दिशेला बघत बसल्यासारखं वाटतं. मनोऱ्याच्या डोक्यावरची विटांची नक्षी, कोणाचा बादगीर किती उंच यावरून घराची ऐपत ठरणं, हे सगळं नंतरचं.

बर्म्युडात उलटा प्रश्न. चारी बाजूंनी समुद्र आणि बेटावर एकही नदी नाही, त्यामुळे घरांत पिण्याचं पाणी म्हणजे मुख्यतः छतावर पडेल तेवढं. म्हणून चुनखडीच्या फरश्यांची, पायऱ्या-पायऱ्यांची, चुन्याने पांढरी केलेली छतं. पायऱ्यांमुळे धो-धो पावसाचा वेग मोडतो आणि पाणी पन्हळीत नीट उतरतं, तिथून घराखालच्या टाकीत. दगडाच्या वजनामुळे चक्रीवादळात छत उडत नाही हा वरचा फायदा. पाणी साठवणं तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे. टुरिस्ट गुलाबी-पिवळ्या भिंतींचे फोटो काढतात, पण भिंतीला कुठलाही रंग दिला तरी छत पांढरं राहतं, कारण पुढे तेच पाणी प्यायचंय.

जमीन हलते तिथे

कच्छच्या बन्नी भागातला भुंगा म्हणजे मातीच्या जाड भिंतीचं गोल घर, वर शंकूसारखं गवताचं छप्पर, दार एक, खिडक्या लहान आणि खाली. 1819 च्या मोठ्या भूकंपानंतर हा गोल आकार तिकडे रुळला असं सांगतात आणि 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात चांगले बांधलेले भुंगे बऱ्यापैकी टिकलेही, शेजारची चौकोनी दगडी घरं कोसळली तरी. कारण साधंच आहे, चौकोनी घर कोपऱ्यात फाटतं, गोलाला कोपराच नाही, शिवाय छप्पर हलकं.

आता आत शिरलं की आधी काळोख, मग हळूहळू भिंती चमकायला लागतात. ते लिंपणकाम, बायकांच्या हातचं. माती आणि लीद चाळून मळायची, तळहातावर वळून तिची शेवयीसारखी दोरी करायची, भिंत ओली करून दोरी चिकटवायची, चिमटीने दाबत दाबत तिची वेल, मोर, जाळी काढायची आणि माती ओली असतानाच मध्येमध्ये आभले म्हणजे आरशाचे छोटे तुकडे दाबून बसवायचे. धान्याच्या कोठ्यासुद्धा मातीच्या आणि त्यांच्यावरही तेच काम. आरशांचं कौतुक सगळे करतात, पण लहान खिडक्यांच्या त्या खोलीत एक दिवा लावला की तो शंभर ठिकाणी परत दिसतो, हे फोटोत येत नाही.

माणसांच्या सवयी

सगळंच हवामानावर ढकलायचं कारण नाही. सारखीच हवा असलेल्या दोन गावांत घरं वेगळी निघतात ती माणसांमुळे. मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या भागात गल्लीतून चालताना दोन्हीकडे नुसत्या कोऱ्या उंच भिंती, दार उघडलं तरी वाट लगेच वळते म्हणजे रस्त्यावरून आतलं काही दिसू नये, आणि वळण घेतलं की चौक, कारंजं, रंगीत तुकड्यांच्या टाइल्स, कोरलेलं प्लास्टर, देवदाराचं छत. श्रीमंती सगळी आत. ॲमस्टरडॅममध्ये हे अगदी उलटं, कालव्याकडे तोंड करून मोठमोठ्या खिडक्या, बऱ्याच घरांत पडदेही उघडेच, पण घर अरुंद आणि जिना शिडीसारखा उभा, त्यामुळे कपाट जिन्याने चढतच नाही. म्हणून दर्शनी भागाच्या टोकाला एक तुळई आणि तिला हूक, दोरीने सामान वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. तो हूक आज नुसता शोभेचा वाटतो पण घर बदलताना अजून वापरतात.

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत घर आईकडून मुलीकडे जातं, तर घराचा नकाशाही तसाच, पुढे लांबलचक मोकळी खोली आणि मागे ओळीने लग्न झालेल्या मुलींच्या खोल्या. म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली छपरं सगळ्यांना माहीत असतात, त्या मागच्या ओळीकडे फारसं कुणी बघत नाही.

आणि जपान. तिथे खोली मोजतात ती तातामी चटयांवर, सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली अशी. पण चटई सगळीकडे एकसारखी नाही. क्योटोकडची साधारण 191 बाय 95.5 सेंटिमीटर, तोक्योकडची 176 बाय 88, त्यामुळे सहा चटयांचीच खोली क्योटोत जवळपास 10.9 चौरस मीटर भरते आणि तोक्योत 9.3. क्योटोत आधी चटया धरून खोली आखायचे, तोक्योकडे आधी खांबांमधलं अंतर ठरायचं आणि उरलेल्या जागेत चटया बसवायच्या, त्यातून हा फरक. शिवाय माणूस जमिनीवर बसणार म्हणून खिडकी खाली, चित्र खाली, बाग बसून दिसेल अशी. त्या खोलीत सोफा आणून ठेवला की सगळं अर्धा मीटर चुकल्यासारखं दिसतं, आणि जॅपनीज स्टाइलच्या बहुतेक फ्लॅटमध्ये नेमकं हेच होतं.

कॉपी आणि कायदा

एसी, सिमेंट आणि काच कुठेही पोचायला लागल्यापासून घराला आजूबाजूच्या हवेची पर्वा करायची गरज उरली नाही. 1964 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी जगभरच्या बिनआर्किटेक्टच्या वास्तूंच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि आर्किटेक्ट लोकांत या घरांविषयी नव्याने कुतूहल वाढलं. मग प्रादेशिक रूप टिकवायचं कसं हा प्रश्न.

अमेरिकेतल्या सांता फे शहराने त्याआधीच, 1957 मध्ये, जुन्या भागासाठी नियमच केला की बांधकाम स्थानिक मातीच्या घरांच्या धाटणीचं दिसलं पाहिजे. शहर एकसंध दिसतं हे खरं, पण नियम दिसण्यापुरता असल्याने आत लाकडी सांगाडा किंवा काँक्रीटचे ब्लॉक आणि वर मातीच्या रंगाचं प्लास्टर अशी घरं भरपूर झाली. भिंतीतून बाहेर डोकावणारी तुळयांची टोकं पूर्वी छताचं वजन घ्यायची, आता कित्येकदा ती नुसती बाहेरून चिकटवलेली असतात.

इजिप्तमध्ये आर्किटेक्ट हसन फतही यांनी माल आणि तंत्र दोन्ही खरं वापरलं. लक्सरजवळ 1940 च्या दशकात त्यांनी न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांचं बांधायला घेतलं, लाकडाच्या आधाराशिवाय कमान आणि घुमट चढवायची जुनी न्युबियन, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडची, पद्धत त्यासाठी अस्वानकडच्या गवंड्यांकडून घेतली. काम देखणं झालं पण गुर्नाचे लोक तिकडे जायला तयार होईनात. एक तर जुनं गाव प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर आणि बऱ्याच जणांची कमाई त्या थडग्यांतल्या जुन्या वस्तूंवर आणि ती बघायला येणाऱ्यांवरच, दुसरं म्हणजे घुमट तिकडे कबरीवर बांधतात, घरावर कोण बांधतं. मशीद अजून उभी आहे. घरं मात्र पुष्कळशी पाडून तिथे काँक्रीटच्या चौकोनी इमारती आल्यात, कारण मातीच्या घुमटावर मजला चढवता येत नाही आणि मुलाचं लग्न ठरलं की वर एक मजला लागतोच.