संगणक आणि डिझाइन दोन्ही आवडतं? मग युसीडचा अर्ज दिवाळीच्या आसपासच भरा

संगणकावरचंच काम हवं, पण दिवसभर नुसतं कोडिंग नको. ॲपची रचना, ॲनिमेशन, गेम यांत डोकं चालतं आणि घरच्यांना पगाराची शाश्वती हवी. अशी मुलं बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर कॉलेज शोधायला लागतात. तोवर आयआयटीतल्या बी.डेस.ची, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा युसीड होऊन गेलेली असते.

ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. नोंदणी साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि परीक्षा जानेवारीत असते. मुंबईसह दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, इंदूर, रुरकी इथल्या आयआयटी आणि जबलपूरची ट्रिपल आयटी याच गुणांवर बी.डेस.ला प्रवेश देतात. त्या वर्षी बारावीला बसणारे किंवा आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पात्र ठरतात. कला आणि वाणिज्यवाल्यांनाही परीक्षा देता येते, मात्र संस्थानिहाय अटी माहितीपत्रकात बघूनच पसंतीक्रम ठरवा. संधी दोनच, त्याही लागोपाठच्या वर्षी. त्यामुळे 'बघू या कसा पेपर येतो' म्हणून पहिली संधी वाया घालवू नये.

पेपर तीन तासांचा, 300 गुणांचा. 200 गुण संगणकावरच्या 'अ' भागाला, उरलेले 100 कागदावरच्या 'ब' भागाला. 'ब' भाग सगळेच लिहितात, पण तो तपासला जातो फक्त 'अ' भागात ठरावीक गुण मिळवणाऱ्यांचा. चित्रकला उत्तम म्हणून निश्चिंत असलेली मुलं इथेच अडकतात. 'अ' भागात आकृत्यांची घडी, फिरवलेले ठोकळे, निरीक्षण, तर्क असं बरंच काही असतं.

कागदपत्रं फार नाहीत: फोटो, सही, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका किंवा बारावीला बसत असल्यास प्राचार्यांच्या सहीचं पत्र. राखीव प्रवर्गाच्या दाखल्यावर मात्र आपल्याकडची मुलं हमखास अडतात. आयआयटी केंद्रीय संस्था आहेत, म्हणून ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात हवा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण इथे लागू होत नाही. सेतू केंद्रावर नुसतं 'नॉन-क्रिमीलेअर द्या' म्हटलंत तर राज्याचा दाखला हातात पडू शकतो. 'केंद्र सरकारसाठी' हे शब्द उच्चारा. आणखी एक: राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. स्पेलिंग तरी सगळीकडे एकच आहे ना, हे आत्ताच ताडून पाहा.

निकाल मार्चमध्ये लागतो. पण रँक मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. जागावाटपाचा अर्ज वेगळा, त्याचं शुल्क वेगळं, पसंतीक्रमही तिथेच द्यायचा.

दुसरी वाट कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, आणि माझ्या मते ती दुय्यम नाही. त्यासाठी राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा अर्ज भरा. खुल्या गटाला बारावीत संबंधित विषयांत 45 टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40. पदवीनंतर डिझाइनकडे वळता येतं: आयआयटी मुंबईच घेत असलेली सीड परीक्षा एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी असते आणि बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी घेतलेल्या कोणालाही ती देता येते. तिला वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही. घरात पगाराची घाई असेल तर मी हाच क्रम सुचवीन. इंजिनिअरिंग नको असणाऱ्यांना संगणकाचीच पदवी असलेलं बीसीए आहे. त्यासाठी 2024 पासून राज्याची वेगळी सीईटी होते.

राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांसाठी अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ जातो. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका आणि पावती जपून ठेवा.