टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर: सहा मिनिटांच्या व्हिडिओमागची पार्श्वभूमी

आठवीच्या मुलांसोबत आम्ही घरगुती कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळावर सहा मिनिटांचा व्हिडिओ करतो आहोत. शाळा वर्धा जिल्ह्यातली, सेवाग्रामपासून तासाभराच्या अंतरावर. जुन्या जाहिरातीतलं चित्र दाखवलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, हा कॉम्प्युटर टीव्हीले काऊन जोडला? त्याले सोताचा पडदा नव्हता का?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर १९७१ पर्यंत मागे जावं लागतं, म्हणून हे टिपण.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलनं ४००४ ही चिप बाजारात आणली आणि कॉम्प्युटरचा हिशेब करणारा भाग नखाएवढ्या सिलिकॉनवर मावला. तरी घरात यायला किंमत आडवी होती. १९७४ च्या ८०८० चिपची सुटी किंमत ३६० डॉलर होती. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० याच चिपवर चालायचा. सुटे भाग मागवून सोल्डरिंग करून तो घरीच जोडायचा. कीबोर्ड नाही, पडदा नाही, समोर नुसते स्विच आणि दिवे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीनं ६५०२ ही चिप २५ डॉलरला विकायला काढली. या इतिहासात माणसांचीच नावं फार घेतली जातात. माझ्या मते त्या २५ डॉलरांचा वाटा बऱ्याच नावांपेक्षा मोठा आहे. १९७७ मधले अ‍ॅपल २ आणि कमोडोर पेट हे दोन्ही याच चिपवर उभे राहिले.

आता मुलीचा प्रश्न. पडदा महाग होता आणि टीव्ही घरात आधीच होता. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकांनी हा विचार टोकाला नेला. मार्च १९८१ मधला त्यांचा झेडएक्स८१ फक्त चार चिपांवर चालायचा आणि जोडलेला तयार ६९.९५ पौंडांना मिळायचा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचाच स्पेक्ट्रम आला, १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना. तेव्हाच्या दरानं साधारण २,००० रुपये. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालायची आणि चॅनल लावतात तसा कॉम्प्युटर लावायचा. प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट प्लेयर. कॅसेटमधून कर्कश किर्रर्र आवाज येई, आणि तो आवाज हाच प्रोग्रॅम असे. प्रोग्रॅम म्हणजे आवाजच म्हटल्यावर तो रेडिओवरूनही पाठवता येतो. नेदरलँड्समध्ये तसं खरंच झालं. लोक रेडिओवरून प्रोग्रॅम टेप करून घेत आणि कॉम्प्युटरला ऐकवत. पोरं या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ बोलली. आमच्याकडे आकाशवाणी नागपूरवर बाजारभाव ऐकणारी माणसं घरोघरी होती, त्यामुळे त्यांना हे चटकन उमगलं.

झेडएक्स८१ ची मेमरी १ केबी, म्हणजे १,०२४ बाइट (बाइट हे मेमरी मोजायचं एकक). मुलांना हा आकडा फळ्यावर समजावला. आजच्या मोबाइलमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी. 'कास्तकार' या एका शब्दाला २४ बाइट लागतात. म्हणजे त्या अख्ख्या यंत्रात 'कास्तकार' ४२ वेळा लिहून झालं की जागा संपली. त्यातच प्रोग्रॅम आणि पडद्यावरचा मजकूरही बसवायचा असे.

डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. बीबीसीला प्रेक्षकांना कॉम्प्युटर शिकवणारी मालिका करायची होती आणि त्यासाठी यंत्र हवं होतं. आमच्यासाठी हा दुवा महत्त्वाचा, कारण १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच यंत्र निवडलं. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळा होत्या.

आमच्यासारख्या गावांत ते कधी पोचलं नाही. मी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो डीएड झाल्यावर, तालुक्याच्या ठिकाणी, एमएस-सीआयटीच्या वर्गात. तोवर पडद्यावर चित्रं आली होती आणि चित्रावर क्लिक करणं म्हणजे कॉम्प्युटर शिकणं झालं होतं. मग सायबर कॅफे आला, मग मोबाइल. कॉम्प्युटर आमच्या घरात शिरला तो मोबाइलच्याच रूपानं. त्याआधीचं एक अख्खं प्रकरण आम्ही वाचलंच नाही. त्या प्रकरणातलं यंत्र सुरू केलं की पडदा जवळजवळ कोरा असायचा. दाखवायला त्याच्याकडे काही नसे. मालकानं काहीतरी लिहावं म्हणून ते थांबून राही. त्यात लिहायची भाषा बेसिक. ती १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही जमावी म्हणून केली होती. व्हिडिओत मला मालकाच्या लिहिण्याची वाट पाहणारं हेच यंत्र दाखवायचं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हातानं काही घडवत शिकण्याची नई तालीम मांडली गेली. त्या मातीतल्या मुलांना हे यंत्र परकं वाटू नये.

चित्रीकरणासाठी गावातल्या एका घरून जुना रंगीत टीव्ही बैलबंडीत घालून आणला. त्याच्या एव्ही सॉकेटला रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर जोडून स्पेक्ट्रमचं इम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालवलं. स्पेक्ट्रमवर 'पी' ही एकच कळ दाबली की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो. मुलांनी रोमन अक्षरांत दोन ओळी लिहिल्या: १० प्रिंट "वर्धा", २० गोटू १० (म्हणजे पुन्हा १० नंबरच्या ओळीवर जा). पडदा वर्धा-वर्धानं भरला आणि यंत्रानं खाली विचारलं, स्क्रोल? पोट्टे ओरडलेच.

मोबाइलवर शूट करताना टीव्हीवर काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, म्हणून शटर १/५० सेकंदावर नेलं, तेव्हा पट्टे थांबले. त्या मोबाइलमधली चिप एआरएम नावाच्या चिपांच्या घराण्यातली. पहिली एआरएम चिप एप्रिल १९८५ मध्ये एकॉर्ननंच केली आणि ती तपासली बीबीसी मायक्रोला जोडून. हे सांगितल्यावर त्या मुलीनं मोबाइल उलटा करून पाठीमागून पाहिला. तो क्षण कॅमेऱ्यात आला नाही. पुन्हा करून घ्यायचा का, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही.