फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच

नेक्स्टक्लाउडसारखं, फोटो-फाइली स्वतःकडेच साठवायचं ॲप घरच्या छोट्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (ॲपला 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी प्रणाली) चालवणाऱ्यांना एखाद्या दिवशी 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा संदेश दिसतो. फोटो फारसे वाढलेले नसतात. पुष्कळदा जागा खाल्लेली असते लॉगने, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदवहीने.

कंटेनरमधला मुख्य प्रोग्रॅम जे काही छापतो, ते डॉकर एका लॉग फाइलीत ओळीओळीने टिपतो. प्रत्येक ओळ वेळेसह जेसन या मजकूर-साच्यात गुंडाळली जाते, त्यामुळे मूळ मजकूर नुसता 'ओके' असला तरी डिस्कवर सत्तरहून जास्त बाइट लागतात. दर 10 सेकंदांनी एक ओळ पडली, तर दिवसाला 8,640 ओळी होतात. आणि डॉकर बसवताना आपण काही ठरवलं नाही, तर या फाइलीला कमाल मर्यादाच नसते! हे नवख्यांना आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग माणूस ती फाइल शोधून पुसून टाकतो, आणि जागा तेवढीच राहते. लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि तिचा मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. फोल्डरमध्ये असतं ते फक्त नाव आणि एक क्रमांक. त्या क्रमांकाच्या नोंदीला आयनोड म्हणतात आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं. पुसल्यावर नाव जातं. दारावरची पाटी काढली म्हणून आतलं बिऱ्हाड हलत नाही. डॉकरने ती फाइल उघडी धरलेली असेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा सोडत नाही. म्हणून फोल्डरमधल्या फाइलींची बेरीज करणारी 'डीयू' ही आज्ञा कमी आकडा दाखवते, संपूर्ण डिस्कची वापरलेली जागा सांगणारी 'डीएफ' मात्र जुनाच. अगदीच अडलं तर फाइल न पुसता 'ट्रंकेट' या आज्ञेने तिचा आकार शून्यावर आणतात. पण या फाइलींना बाहेरून हात लावू नये, असं डॉकरच्या माहितीपुस्तिकेतच बजावलं आहे.

खरा उपाय आधीच करायचा. 'मॅक्स-साइज' (एका लॉग फाइलीचा कमाल आकार) 10 एमबी आणि 'मॅक्स-फाइल' (अशा फाइलींची कमाल संख्या) 3 ठेवलं, की एका कंटेनरचा लॉग साधारण 30 एमबीवर थांबतो. नवं लिहिताना सर्वांत जुनी फाइल जाते. डॉकरच्या मुख्य सेटिंगमध्ये केलेला हा बदल डॉकर रीस्टार्ट केल्यावर, आणि तोही नव्याने तयार केलेल्या कंटेनरनाच लागू होतो. जुना कंटेनर काढून टाकला की त्याचा लॉगही जातो, तेव्हा एखादा बिघाड शोधत असाल तर आधी प्रत काढून ठेवा.

नेक्स्टक्लाउड स्वतःचा वेगळा लॉगही डेटा फोल्डरमध्ये लिहितं. डॉकरची मर्यादा त्याला लागू होत नाही. त्याची मर्यादा नेक्स्टक्लाउडच्याच सेटिंगमध्ये पाहावी लागते.